पाकीट फोडून आलेला लव्हाळा

मागच्या अंकात हरळीबद्दल लिहिताना मी जाता जाता लव्हाळ्याचं नाव घेतलं होतं, एवढंच. पत्रं मात्र जवळजवळ सगळी लव्हाळ्याचीच आली. हरळीबद्दल कुणाला काही विचारावंसं वाटलं नाही, लव्हाळ्यावर मात्र प्रत्येकाचा जुना राग आहे असं दिसतं. म्हणून या वेळचं सदर त्याच्या नावे.

बाई, सोबत पाकिटात तीन गाठी पाठवत आहे. आमच्या वाफ्यात एक गवत आहे. उपटलं की पात हातात येते आणि गाठ खालीच राहते. कुणी त्याला लव्हाळा म्हणतं, कुणी नागरमोथा. एकच की दोन वेगळी? गाठी बघून सांगाल का?

तुमचं पाकीट आलं ते एका कोपऱ्यात फुटून. पोस्टमनला बोल लावू नका. तुम्ही काळजी घेऊन गाठी ओल्या कापसात गुंडाळल्या होत्या, ती काळजीच नडली. वाटेत एकीला कोंब आला. त्याने कापूस, आतली चिठ्ठी आणि पाकीट, तिन्हींना दाभणाने टोचावं तसं गोल भोक पाडून डोकं बाहेर काढलं होतं. तुमच्या चिठ्ठीत ‘वाफ्यात’ या शब्दातला ‘फ्या’ त्यामुळे गेला आहे. ओळख पटायला मला खरं तर तेवढंच पुरलं असतं.

दोन्ही नावं एकाच झाडाची. वरच्या हिरव्या भागाला लोक लव्हाळा म्हणतात, औषधाच्या डब्यात गेलेल्या वाळक्या गाठीला नागरमोथा किंवा नुसतं मोथा. संस्कृतातली ‘मुस्ता’ ती हीच. लिनियसने 1753 साली त्याचं नाव ठेवलं सायपेरस रोटुंडस. रोटुंडस म्हणजे गोल. आता गाठी काही अगदी गोल नसतात, लांबट आणि ओबडधोबड असतात, पण नाव पडलं ते पडलं.

एक दुरुस्ती मात्र करते. हे गवत नाही. गवतासारखं दिसणारं हे वेगळंच कुळ आहे. त्यात साडेपाच हजारांच्या आसपास जाती आहेत आणि इजिप्तमध्ये ज्याच्या दांड्यापासून कागद करत तो पपायरसही याच सायपेरस गोतातला. ओळखायला भिंग लागत नाही. फुलाचा दांडा अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून फिरवा. गवताचा दांडा गुळगुळीत फिरतो. लव्हाळ्याचा अडतो, कारण त्याला तीन धारा असतात. मी शिकवत असताना एका मुलीने विचारलं होतं, ‘बाई, गवताला कोपरे असतात का?’ नसतात, म्हणून तर हे गवत नव्हे. दांड्यावर पेरंही नसतात, खालपासून वरपर्यंत सलग. पानंसुद्धा बुडाशी तीन बाजूंनी निघतात, गवतासारखी समोरासमोर दोन बाजूंनी नाहीत.

एवढ्याने कुळ कळतं, जात कळत नाही, आणि ‘लव्हाळा’ हा शब्द लोक अख्ख्या कुळाला सरसकट वापरतात. भातात येणारे काही लव्हाळे वर्षभराचेच असतात, बियांतून येतात आणि त्यांना गाठी नसतात. ते उपटले की संपले. गाठीवाल्यांतही एक भाऊ आहे, सायपेरस एस्क्युलेंटस. त्याचा तुरा पिवळसर सोनेरी असतो, गाठी एकेकट्या मुळ्यांच्या टोकाला लागतात आणि चवीला गोडसर असतात. तुमच्या गाठी काळपट, दोन टोकांना धागा तुटल्याच्या खुणा असलेल्या आणि नखाने खरवडलं की उग्र सुगंधी. वाफ्यातल्याचा तुरा तांबूस तपकिरी असेल तर शंका उरत नाही.

बाई, उसात लव्हाळा आहे. दोन वर्षं खुरपून घेतला, मग रोटाव्हेटर मारला. पहिल्या पावसानंतर दुप्पट उगवला. शेजारी म्हणतात जमीनच नासली. आता काय करू?

जमिनीला काही झालेलं नाही, उलट ती चांगली असल्याचं ते लक्षण आहे. ओल आहे, ऊन आहे, माती भुसभुशीत आहे. रोटाव्हेटरने तुम्ही लव्हाळ्याची लागवड करून दिलीत एवढंच झालं. चिडू नका. मी स्वतः हेच केलं आहे, तेही वनस्पतीशास्त्र शिकवून झाल्यावर.

एका रोपवाटिकेतून मोगऱ्याचं रोप आणलं होतं. पिशवीतल्या मातीत लव्हाळ्याची दोन पाती होती. दिसली, पण मी म्हटलं, दोन तर आहेत. नंतर चार वर्षं मी त्या कुंडीतून अधूनमधून पाती खुडत होते आणि दर वेळी ती होतीच. शेवटी कुंडी उपडी केली, मातीचा गोळा बादलीत भिजत घातला आणि नळाखाली हळूहळू धुतला. माती गेल्यावर हातात जे राहिलं ते वर्तमानपत्रावर पसरलं. ते एक झाड नव्हतं, माळ होती. गाठ, मग दोन-तीन बोटं लांब काळा तारेसारखा धागा, मग गाठ, पुन्हा धागा, त्याला फाटा, फाट्यावर गाठ. कुंडीच्या तळाशी गोल गोल फिरून ती माळ स्वतःवरच गुंडाळली गेली होती. अठ्ठेचाळीस गाठी मोजल्या. वर पाती होती सात.

म्हणजे वर जे दिसतं त्यावर रागावण्यात अर्थ नाही. गाठीतून निघालेला कोंब वर येतो, पृष्ठभागाजवळ आला की तिथे फुगून एक लहानसा कांदा धरतो, आणि पानं त्या कांद्यातून फुटतात. मग त्याच कांद्यातून आडवे पांढरे धुमारे निघतात. त्यातला एखादा वर वळतो आणि नवं झाड होतो. एखादा टोकाला फुगतो, गाठ होते. त्या गाठीतून पुढे आणखी धुमारा. नवा धुमारा पांढरा आणि रसरशीत असतो, जुना झाला की वरची साल गळून आतली तार तेवढी उरते. म्हणून उपटताना तो ‘कट्’ करून तुटतो आणि पात तुमच्या हातात राहते.

आता रोटाव्हेटरचं. माळेतल्या सगळ्या गाठी एकदम उगवत नाहीत. पुढची गाठ उगवती असेल तर मागच्या बऱ्याचशा झोपून राहतात, पुढचीचा त्यांच्यावर धाक असतो म्हणा. माळ अखंड आहे तोवर हा धाक चालतो. तुम्ही माळेचे तुकडे केलेत की धाक संपला. झोपलेली प्रत्येक गाठ स्वतंत्र झाली आणि तिला वाटलं, आता आपणच पुढे. शिवाय एका गाठीवर डोळा एकच नसतो. एक कोंब मोडला तर दुसरा निघतो, तो मोडला तर तिसरा.

मग करायचं काय? हिरवी पानं गाठीला खायला घालतात आणि उगवून आल्यावर साधारण चार ते सहा आठवड्यांत नव्या गाठी धरायला लागतात. तुमची खुरपणी त्या आधी होते का, हा खरा प्रश्न आहे. महिना-दीड महिन्याने एकदा कितीही झटून खुरपलंत तरी तोवर त्याची नवी भरती झालेली असते. तेच दर दोन-तीन आठवड्यांनी, पात चार-पाच पानांची होण्याआधी काढत राहिलात, तर गाठ दर वेळी स्वतःच्या साठ्यातून खर्च करते आणि जमा काही होत नाही. एका हंगामात निकाल लागत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

दुसरा उपाय उन्हाळ्याचा. बहुतेक गाठी वरच्या वीतभर मातीतच असतात. त्यांना थंडी सोसत नाही, पण आपल्याला ती मदत फारशी मिळत नाही. वाळणं मात्र त्यांना मुळीच सोसत नाही. पाणी तोडून रान कोरडं झाल्यावर नांगरट केली, ढेकळं उलटी पडली, आणि गाठी आठ-पंधरा दिवस कडक उन्हात उघड्यावर राहिल्या तर त्या मरतात. माळ तुटलेली असेल तर आणखी लवकर, कारण ओल्या मातीतल्या बहिणीकडून पाणी यायची सोय राहत नाही. म्हणजे जी नांगरट ओल्या रानात शत्रू ठरली तीच कोरड्या रानात मित्र. मधे एक पाऊस पडला तर मात्र सगळं पाण्यात.

तिसरी गोष्ट सावली. लव्हाळा उन्हाचा प्राणी आहे. मका, ऊस, ज्वारी ज्या पद्धतीने प्रकाश वापरतात, जिला सी-4 म्हणतात, तीच याची पद्धत. भर उन्हात आणि उष्णतेत तो बाकीच्यांना हरवतो. पण उंची बेताची, फार तर गुडघ्यापर्यंत. त्याच्यावर पीक दाटलं की तो नुसता तग धरतो, गाठी कमी आणि बारीक धरतो. तुमचा ऊस एकदा रान झाकेल तेव्हा अर्धं काम तोच करेल. म्हणून सगळा जोर सुरुवातीच्या महिन्यांवर लावा, मोठ्या उसात शिरून खुरपत बसू नका.

तणनाशकाबद्दल तुम्ही विचारलेलं नाहीत, पण पुढच्या पत्रात विचाराल. पान जाळणारं औषध इथे निरुपयोगी, ते खुरप्याचंच काम करतं. पानातून गाठीपर्यंत उतरणारं असेल तर उपयोग. उसासाठी हॅलोसल्फ्युरॉन वापरतात ते त्यासाठीच. ते द्यायचं पात हिरवीगार आणि वाढती असताना, आणि दिल्यावर लगेच खुरपून टाकायचं नाही, नाहीतर औषध वरच राहतं. मात्रा डब्यावरच्या कागदावरून घ्या, माझ्याकडून नको.

आमच्याकडे काळ्या प्लॅस्टिकचं आच्छादन केलं होतं. सगळं तण दबलं, लव्हाळा तेवढा प्लॅस्टिक फोडून वर आला. असं कसं?

वरच्या पाकिटाची गोष्ट वाचलीत ना? कोंबाची पानं अंधारात असेपर्यंत एकमेकांत घट्ट गुंडाळलेली राहतात आणि टोक सुईसारखं कडक असतं. काळ्या प्लॅस्टिकखाली अंधारच, त्यामुळे ते टोक मिटलेलंच वर येतं आणि भोसकतं. गंमत म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिक असेल तर कोंबाला खालीच उजेड दिसतो. त्याला वाटतं आपण पोचलो, आणि पानं प्लॅस्टिकच्या आतच उघडतात. उघडलेल्या पानाने भोक पडत नाही. वर कडक ऊन असेल तर ती तिथेच शिजतात. बटाट्याच्या पोटातून आरपार गेलेला लव्हाळ्याचा धुमाराही मी पाहिला आहे. बटाट्याचे दोन काप केल्यावर मधोमध तार निघाली होती.

बाई, लहानपणापासून ऐकलं की महापुरात झाडं जातात आणि लव्हाळी वाचतात. तो लव्हाळा म्हणजे हाच का? शेतात ज्याला आपण शिव्या देतो त्यालाच नम्रतेचा आदर्श कसं म्हणायचं?

तुझं अक्षर ओळखलं. कोपऱ्यांचा प्रश्न विचारणारी तूच.

उत्तर असं, की बहुधा अगदी हाच नव्हे. आपला नागरमोथा ओलीला सोकावलेला असला तरी भर पात्रात उभा राहणारा नाही. त्याला बांध, पाटाची कड, वाफे, रस्त्याकडेची चर, फरशीची फट आवडते. नदीच्या काठाशी पाण्यात पाय सोडून उभे असतात ते त्याचे उंच भाऊबंद, पण बोलीत त्यांनाही लव्हाळाच म्हणतात. संतांनी काही नमुन्याला चिठ्ठी लावायची नव्हती, त्यामुळे जातीचा आग्रह तूही सोड.

वाचतात का, हे मात्र बघण्यासारखं आहे. एकतर बुंधा नाही, फांद्या नाहीत, पाण्याला धरायला काही सापडत नाही. दुसरं म्हणजे तो तीन धारांचा दांडा. गोल दांडा वाकतो, त्रिकोणी दांडा वाकण्याआधी पिळला जातो. वाऱ्यात नीट बघ, लव्हाळ्याचा तुरा आधी तोंड फिरवतो, मग मान खाली घालतो. प्रवाह ज्या बाजूचा, पाठ त्या बाजूला. आणि तिसरं, तेच खरं कारण असं माझं मत: समज वरचं सगळं वाहून गेलं, तरी माळ मातीत आहेच. पाणी उतरलं की चार दिवसांत पाती वर. तेव्हा नम्रतेबरोबर थोडा साठाही लागतो, असं म्हण हवं तर.

संस्कृत काव्यातला मुस्ता मात्र शेतातलाच वाटतो. तिथे रानडुकरं डबक्याच्या काठी तो उकरून खाताना दिसतात. ओल, उघडी जागा आणि कुणीतरी सतत माती उकरत असलेलं, हा पत्ता अचूक आहे. डुकरांच्या जागी आता रोटाव्हेटर आला.

हे तण फक्त आपल्याकडेच आहे का?

नाही. 1977 साली लेरॉय होम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातल्या तणांची मोजदाद मांडली तेव्हा लव्हाळा 92 देशांत आणि 52 पिकांत त्रास देत होता. त्यांनी त्याला जगातलं सगळ्यात वाईट तण म्हणून पहिला नंबर दिला. दुसरा नंबर हरळीचा. आता कळलं ना, मागच्या अंकात दोघांची नावं एकत्र का आली ते. मूळचा तो आपल्या जुन्या जगातला, म्हणजे आशिया, आफ्रिका आणि दक्षिण युरोप इथला. अमेरिकेत माणसांबरोबर गेला. जिथे जमीन गोठते तिथे गाठी तगत नाहीत, त्यामुळे उत्तरेकडे त्याची हद्द थंडीने आखलेली आहे. घनदाट जंगलातही नसतो, सावली. बाकी माणूस जिथे माती हलवतो आणि पाणी घालतो तिथे हा आहेच.

नागरमोथ्याचा वास मला मिरीसारखा का वाटतो? घरात सगळे हसतात.

हसू द्या, नाक तुमचं बरोबर आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुखदेव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गाठींच्या तेलातून काही द्रव्यं वेगळी केली आणि 1967 साली प्रसिद्ध केली. त्यातल्या एकाचं नाव रोटुंडोन, अर्थात रोटुंडसवरून. पुढे चाळीसेक वर्षं त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. 2008 साली ऑस्ट्रेलियातले संशोधक तिथल्या शिराझ नावाच्या वाइनला मिरीचा वास कशाने येतो हे शोधत होते. सापडलं ते हेच रोटुंडोन. मग काळ्या मिरीत पाहिलं, तिथेही तेच. लव्हाळ्याच्या गाठीत आधी सापडलेलं द्रव्य मिरीच्या वासाचं मूळ निघालं.

आणि लागतं किती? लिटरभर पाण्यात 8 नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं. मी हिशेब करून पाहिला: 50 मीटर लांब, 25 मीटर रुंद आणि 2 मीटर खोल तलावाला फक्त 20 मिलिग्रॅम पुरेल. पण याच संशोधकांना असंही आढळलं की पाचातल्या साधारण एका माणसाला हा वास, त्यांनी तपासलेल्या सगळ्यात जास्त मात्रेतही, येतच नाही. तुमच्या घरात हसणारे किती आहेत ते मोजा.

गाठी वाटून पोटात घेण्याबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. ते वैद्यांना विचारा. माझ्याकडून इतकंच, की फवारलेल्या शेतातल्या गाठी औषधाला नकोत, आणि बाजारात नागरमोथा म्हणून दुसऱ्याच जातीच्या गाठीही मिळतात.

याचा काही उपयोगच नाही का मग, औषध सोडून?

सुदानमध्ये, पांढऱ्या नाईलच्या काठी, अल खिदाय नावाच्या ठिकाणी जुनी दफनं सापडली. तिथल्या माणसांच्या दातांवर साचलेलं किटण तपासलं तर त्यात लव्हाळ्याच्या गाठींच्या खुणा मिळाल्या. 2014 साली हे प्रसिद्ध झालं. शेती येण्याआधीपासून निदान सात हजार वर्षं तिथले लोक या गाठी खात होते. त्यांच्यातल्या नंतरच्या लोकांचे दात फार कमी किडलेले आढळले. दात किडवणाऱ्या जंतूंना लव्हाळ्यातली द्रव्यं अडवतात, त्याचा हा परिणाम असू शकेल, असं संशोधकांनी सुचवलं. मी एक गाठ चावून पाहिली आहे. कडू, कापरासारखी आणि दातांत अडकणारी. सात हजार वर्षं म्हणजे त्या लोकांची चिकाटी लव्हाळ्याच्या तोडीची होती.

तुरे कापले तर बी पडणार नाही आणि प्रसार थांबेल, बरोबर?

तुऱ्यांवर वेळ घालवू नका. या जातीचं बी क्वचितच रुजतं. तो फिरतो गाठींनी: औजाराला चिकटलेल्या मातीतून, पाटाच्या पाण्यातून, विकत आणलेल्या मातीतून आणि रोपाच्या पिशवीतून. खुरपलेल्या गाठी खताच्या खड्ड्यातही टाकू नका, खड्डा नीट तापला नाही तर त्या तिथे मजेत राहतात. पत्र्यावर पसरून खडखडीत वाळवा. रोप आणलं की पिशवी कापून मुळांभोवतीची माती बोटांनी चाचपून घ्या. हरभऱ्याएवढं कडक काही लागलं तर रोप धुऊनच लावा.

आणि सगळ्यांना एक विनंती. ओळख पटवायला गाठी पाठवू नका. फुलावर आलेला दांडा बुडाच्या पानांसकट वर्तमानपत्रात दाबून वाळवा आणि तो पाठवा. पाकिटातून आलेली ती कोंबवाली गाठ मी पत्र्यावर ठेवली आहे. आज अकरावा दिवस, कोंब सुकला, पण गाठीवर नख रोवलं तर आत अजून पांढरं दिसतंय.